मंत्र्यांचे उत्तर शेवटच्या पानापासून वाचावे : संसद आणि विधिमंडळाच्या प्रश्नोत्तर सेवेचे परीक्षण

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाल्यापासून अधिवेशनाच्या दिवसांत माझा एक नेम ठरून गेला आहे. सकाळी अकरा वाजता संसद टीव्हीवर लोकसभेचा प्रश्नोत्तरांचा तास लावायचा आणि दुपारच्या जेवणानंतर संसदेच्या संकेतस्थळावर जाऊन त्या दिवशी पटलावर ठेवलेली लेखी उत्तरे उघडायची. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरात हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. हॉटेलातली मिसळ, नवा मोबाईल, बँकेची एखादी शाखा यांवर लोक आवर्जून अभिप्राय लिहितात; कायदे आणि सरकारी खर्च यांविषयी मंत्र्यांनी दिलेली उत्तरे घरबसल्या आणि विनामूल्य वाचायला देणाऱ्या या सेवेवर मात्र मराठीत कोणी सविस्तर लिहिल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही. जी सेवा आपल्या करातून चालते आणि जिच्यातून आपल्याच पैशांचा हिशेब मिळू शकतो, तिचे परीक्षण व्हायलाच हवे, असे मला मनापासून वाटते.

आधी टीव्हीवरच्या तासाविषयी सांगतो. लोकसभेत एका दिवशी वीस तारांकित प्रश्न यादीवर असतात, ज्यांना मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचे असते. प्रत्यक्षात मंत्री उभे राहून "उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे" एवढेच सांगतात आणि खरा तास तिथून पुढे, त्या उत्तरावर सदस्य तोंडी विचारतात त्या पूरक प्रश्नांपासून सुरू होतो. राज्यसभेत रोज पंधरा तारांकित प्रश्न असतात आणि तिथला हा तास २०१४ पासून दुपारी बारा वाजता भरतो, त्यामुळे एकामागोमाग एक अशी दोन्ही सभागृहे पाहता येतात. लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही या दोन वाहिन्या एकत्र करून सप्टेंबर २०२१ मध्ये संसद टीव्ही सुरू झाली, आणि प्रक्षेपणाच्या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही. चित्र आणि आवाज दोन्ही स्वच्छ असतात आणि यूट्यूबवर मागचे भाग पुन्हा पाहता येतात.

पूरक प्रश्नाला मंत्री कसे उत्तर देतात, यावरून त्यांनी फाईल स्वतः वाचली आहे की नाही, हे दोन मिनिटांत कळते. ज्याला विषय ठाऊक असतो तो मंत्री प्रश्न विचारणाऱ्या सदस्याकडे बघून बोलतो. ज्याला ठाऊक नसतो तो समोरच्या जाड फोल्डरमधली रंगीत चिकटपट्टी लावलेली पाने उलटत राहतो, मधेच अधिकाऱ्यांच्या कक्षातून आलेली चिठ्ठी हातात घेतो, ती वाचेपर्यंत योजनेचे महत्त्व सांगत राहतो आणि अखेरीस "माननीय सदस्यांना सविस्तर माहिती लेखी पाठवीन" असे म्हणून खाली बसतो. चिठ्ठी येण्यात गैर काही नाही, कोणत्याही मंत्र्याला देशभरातले सगळे आकडे तोंडपाठ असणे शक्य नाही. परंतु चिठ्ठीतला आकडा वाचून दाखवणे आणि तो आकडा तसा का आहे हे सांगणे, यांतला फरक टीव्हीवर जितका उघडा पडतो तितका दुसरीकडे कुठेही पडत नाही. या तासाचे खरे मोल मला त्यातच वाटते.

त्याची मर्यादाही मोठी आहे. वीसपैकी बहुतेक प्रश्नांची पाळीच येत नाही. लोकसभेने २७ नोव्हेंबर २०१९ रोजी वीसच्या वीस तारांकित प्रश्न एका तासात पूर्ण केले, तेव्हा १९७२ नंतर हे प्रथमच घडले म्हणून त्याची बातमी झाली होती. गदारोळात तास वाहून गेला तर एकही प्रश्न होत नाही, आणि २०२० च्या पावसाळी अधिवेशनात तर करोनामुळे प्रश्नोत्तरांचा तासच वगळण्यात आला होता. म्हणून जो केवळ टीव्हीवर अवलंबून राहतो, त्याच्या पदरी या सेवेतला अगदी थोडा भाग पडतो.

खरा ऐवज लेखी उत्तरांत आहे. लोकसभेत रोज दोनशे तीसपर्यंत आणि राज्यसभेत एकशे साठपर्यंत अतारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी दिली जातात, आणि पाळी न आलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरेही पटलावर येतात. सभागृह गोंधळात तहकूब झाले तरी ही उत्तरे मिळतात. २०२० मध्ये तास नव्हता तेव्हाही अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत होती. त्याच दिवशी दुपारपर्यंत ती संकेतस्थळावर वाचायला मिळतात, यासाठी मी या सेवेला पूर्ण गुण देईन. ज्या काळात मी नोकरीत होतो, त्या काळात तालुक्याच्या एखाद्या योजनेवर केंद्राने काय उत्तर दिले हे कळायला एखाद्या पत्रकाराची किंवा खासदारांच्या स्वीय सहायकाची ओळख काढावी लागे.

आता वाचण्याची रीत. प्रत्येक उत्तराच्या वरती मंत्रालयाचे नाव, प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख असते. मग प्रश्नाचे (क), (ख), (ग) असे भाग येतात आणि त्याखाली मंत्र्यांच्या नावाने उत्तर. नवखा वाचक वरून सुरुवात करतो आणि योजनेची पार्श्वभूमी, उद्दिष्टे, पंतप्रधानांनी ती केव्हा जाहीर केली, एवढे वाचून दमतो. त्यातून त्याच्या हाती काहीही लागत नाही, कारण तो मजकूर एका उत्तरातून दुसऱ्या उत्तरात जसाच्या तसा आलेला असतो. माझा सल्ला असा की, फाईल उघडल्याबरोबर थेट शेवटच्या पानावर जावे. तिथे 'विवरण' या मथळ्याखाली तक्ता असतो. राज्य, वर्ष, मंजूर रक्कम, वितरित रक्कम, खर्च, अशी घरे असतात. मंत्र्यांचे खरे उत्तर तिथे असते. आधी तक्ता वाचावा, मग प्रश्न वाचावा आणि सर्वांत शेवटी मधला मजकूर वाचावा. तक्त्यात प्रश्नातल्या एखाद्या भागाचे घरच नसेल, तर त्या भागाचे उत्तर दिलेले नाही असे समजावे आणि मधल्या मजकुरात त्याचे कारण शोधावे. चाळीस वर्षे मोजमाप पुस्तके आणि प्रमाणके तपासलेल्या माणसाची ही सवय आहे, परंतु ती कोणालाही आठवड्याभरात लागू शकते.

गेल्या एका अधिवेशनाच्या वेळी माझे मेहुणे बेदाण्याच्या सौद्यासाठी सांगलीत आले होते. जत तालुक्यातल्या एका गावात त्यांची शेती आहे. जेवायला बसता बसता ते म्हणाले, "दाजी, दारात नळ उभा हाय, पण पाणी आठवड्यातनं कवातरी एकदा येतंय. दिल्लीच्या कागदावर आमचं काय लिवलंय, तेवढं बघून सांगा." जेवण झाल्यावर आम्ही दोघे संगणकासमोर बसलो. जलजीवन मिशनवरचे एक ताजे उत्तर काढले. पहिलेच वाक्य नेहमीचे होते, पेयजल हा राज्याचा विषय आहे. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये मिशन सुरू झाले तेव्हा देशातल्या ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता आणि आता तो आकडा १५ कोटींवर गेला आहे, अशी माहिती होती. शेवटच्या पानावर राज्यवार तक्ता. मेहुण्यांनी चष्मा सरळ केला, पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ खाली येत ते महाराष्ट्रावर थांबले आणि त्यांनी विचारले, "ह्यात जत कुठाय?"

जत त्यात नव्हते, कारण प्रश्न विचारणाऱ्या सदस्याने राज्यवार माहिती मागितली होती. या सेवेचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य इथे कळते. प्रश्न जेवढा नेमका, तेवढेच उत्तर मिळते. मंत्रालय न विचारलेले एक घरही तक्त्यात वाढवत नाही. आम्ही मग मंत्रालयाच्या स्वतंत्र संकेतस्थळावर गेलो, जिथे गावागणिक आकडे मिळतात. तिथे मेहुण्यांच्या गावासमोर सर्व कुटुंबांना नळजोडणी दिल्याची नोंद होती. त्यांना राग आला आणि तो रास्त होता. मिशनच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणे जोडणी 'कार्यात्मक' असावी लागते, म्हणजे माणशी दररोज ५५ लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचे पाणी नियमित यावे लागते. नळाची तोटी बसली की जोडणी मोजायची आणि पाण्याचा हिशेब कोणीच मागायचा नाही, अशी ही गोष्ट झाली होती. ही चूक ज्या कोणत्या पातळीवर झाली असेल ती असो. दिल्लीतल्या उत्तरात ती दिसणे शक्यच नव्हते, कारण प्रश्नात 'किती नळ' एवढेच विचारले होते, 'किती नळांना पाणी' असे कोणी विचारले नव्हते.

त्याच योजनेच्या पैशाचा प्रश्न मात्र संसदेत चांगला लावून धरला गेला आहे, आणि या सेवेमुळे तो आम्हाला सांगलीत बसून समजला. २०२४–२५ च्या अर्थसंकल्पात जलजीवन मिशनसाठी ७० हजार १६३ कोटी रुपये धरले होते आणि सुधारित अंदाजात ते २२ हजार ६९४ कोटींवर आले. योजनेची मूळ मुदत २०२४ पर्यंत होती, ती २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले आणि नव्या वर्षासाठी ६७ हजार कोटी धरले गेले. महाराष्ट्रात या योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलायचा आहे, म्हणून केंद्राचा हात आखडला की ठेकेदाराचे बिल थांबते आणि ठेकेदाराचे बिल थांबले की गावातली टाकी अर्धवट राहते. अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज यांत एवढे अंतर का पडले, हे विचारण्याची जागा खरे तर अनुदान मागण्यांवरच्या, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाला सभागृहाची मंजुरी मागणाऱ्या प्रस्तावांवरच्या चर्चेत असते. परंतु मार्च २०२३ मध्ये सर्व मंत्रालयांच्या अनुदान मागण्या चर्चेविना एकदम संमत झाल्या, आणि त्याआधी २०१८ मध्येही असेच झाले होते. चर्चाच होत नसेल तर खर्चाविषयी मंत्र्यांना बोलते करण्याचे साधन म्हणून प्रश्न उरतो. दीडशे शब्दांचा तो कागद म्हणूनच मला इतका मोलाचा वाटतो.

सिंचनाच्या बाबतीत ही सेवा आपल्या भागासाठी विशेष उपयोगी आहे. प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत २०१६ साली रखडलेले ९९ प्रकल्प प्राधान्याने पूर्ण करायचे ठरले, त्यांत महाराष्ट्राचे २६ होते. ताकारी आणि म्हैसाळ ज्यात येतात तो कृष्णा-कोयना उपसा सिंचन प्रकल्प त्यात होता आणि सातारा जिल्ह्यातले तारळी, धोम-बलकवडी, वांग हे प्रकल्पही होते. या प्रकल्पांवर विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांत प्रकल्पवार केंद्रीय साहाय्य आणि कामाची टक्केवारी असे तक्ते येतात. निरनिराळ्या अधिवेशनांतली उत्तरे काढून मी ती एका वहीत वर्षवार मांडली आहेत, आणि एका प्रकल्पाची टक्केवारी दोन वर्षे जागची हललेली नाही हे त्या वहीमुळे मला कळले. संकेतस्थळ असे दोन उत्तरांतले अंतर स्वतः दाखवत नाही. ते काम वाचकाला करावे लागते.

उसाच्या बिलांचेही असेच. २०२५–२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर ठरला आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. थकीत बिलांवर संसदेत दर अधिवेशनात प्रश्न येतात, परंतु उत्तर बहुधा राज्यवार मिळते. कारखान्यागणिक थकबाकी हवी असेल तर पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे पाहावे लागते.

"हा राज्याचा विषय आहे" असे म्हणून दिल्लीने हात वर केले की आपण मुंबईकडे वळतो, म्हणून महाराष्ट्र विधिमंडळाच्या संकेतस्थळाविषयीही लिहिणे भाग आहे. तिथे तारांकित आणि अतारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीत मिळतात आणि हा फार मोठा आधार आहे. भाषा साचेबद्ध असली तरी ती आपली असते, आणि गावाचे, ओढ्याचे, रस्त्याचे नाव तिथे येते. दिल्लीच्या कागदावर न सापडणारे जत इथे सापडते. प्रश्न "हे खरे आहे काय" असा सुरू होतो, "असल्यास" आणि "नसल्यास" अशा पायऱ्या उतरत जातो आणि शेवटी "विलंबाची कारणे काय आहेत" इथे येऊन थांबतो. उत्तरात "होय", "अंशतः खरे आहे", "हे खरे नाही" यांपैकी काहीतरी येते आणि सर्वांत शेवटी पुष्कळदा चार शब्द असतात, ते म्हणजे "विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही".

या चार शब्दांवर मला थोडे थांबायचे आहे, कारण नोकरीत असताना अशा उत्तरांसाठी लागणारी माहिती खालून वर पाठवणाऱ्या साखळीत मीही होतो. विधानसभेचा प्रश्न आला की कार्यालयात धावपळ उडे, कारण त्याला मुदत असे. मंत्रालयातून विभागीय आयुक्तांकडे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून ग्रामपंचायतीला विचारणा जाई आणि संध्याकाळपर्यंत माहिती परत मागितली जाई. ग्रामसेवक जे कळवील तेच एकेक सही घेत वर चढे. "अंशतः खरे आहे" असे मंत्री सभागृहात म्हणतात, तेव्हा त्यातला 'अंश' तालुक्याच्या एखाद्या टेबलावर ठरलेला असतो. "प्रश्न उद्भवत नाही" हे शब्द त्या साखळीत सोयीचे मानले जातात, कारण त्यांना आधाराचा कागद जोडावा लागत नाही. नागरिकाने म्हणून या शब्दांनी नाउमेद होऊ नये. प्रश्नात नेमकी तारीख घातलेली असली, म्हणजे प्रशासकीय मान्यता अमुक दिवशी मिळाली, कार्यारंभ आदेश अमुक दिवशी निघाला, मुदत अमुक दिवशी संपली, असे लिहिलेले असले की तेच उत्तर देणे फार अवघड जाते. तारीख घालून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तपासायला आमच्या कार्यालयात साहेब स्वतः फाईल मागवीत, हे मी अनेकदा पाहिले आहे.

राज्याच्या खर्चाबाबत पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेर मागितलेल्या जादा रकमांची आठवण ठेवावी. जून–जुलै २०२४ च्या अधिवेशनात एकदम ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. एवढी रक्कम त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात का दिसली नाही, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या सरकारला विचारायला हवा. वित्त विभागाची 'बीम्स' ही प्रणाली त्यासाठी जोडीला ठेवावी. मंत्र्यांनी सांगितलेली तरतूद आणि प्रत्यक्ष वितरित झालेला निधी तिथे विभागवार पडताळता येतो.

कायद्यांविषयीच्या उत्तरांचा अनुभव वेगळा आहे. तिथे आकडे नसतात आणि म्हणून तक्ताही नसतो. वाचावे लागते ते क्रियापद. कामगारांच्या चार संहिता २०१९ आणि २०२० मध्ये संसदेत संमत झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या. मधल्या पाच वर्षांत "त्या कधी लागू होणार" हा प्रश्न कितीदा विचारला गेला असेल, याची गणती नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतले ओळखीचे कामगार मला विचारीत, आणि मी ताजे उत्तर काढून दाखवी. कामगार हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतला विषय आहे, राज्यांनी नियम करायचे आहेत, काही राज्यांचे नियम प्रसिद्ध झाले आहेत, असा त्याचा आशय असे. विधेयक संमत होणे, राष्ट्रपतींची संमती मिळणे, नियम होणे आणि अंमलाची तारीख अधिसूचित होणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलांना वर्तमानपत्रातल्या मथळ्यांनी सांगितले नव्हते. या उत्तरांनी सांगितले. 'विचाराधीन आहे', 'प्रक्रिया सुरू आहे' आणि 'अधिसूचित करण्यात आले आहे' यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

'माहिती गोळा करण्यात येत आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' असे वाक्य उत्तरात आले तर ती टाळाटाळ समजून सोडून देऊ नये. संसदेच्या दृष्टीने ते आश्वासन ठरते. लोकसभेची सरकारी आश्वासनांसंबंधीची समिती १९५३ पासून अस्तित्वात आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे अशी अपेक्षा असते. माझी या सेवेबद्दलची सर्वांत मोठी तक्रार इथेच आहे. मूळ उत्तराच्या पानावर ते आश्वासन पुरे झाले का, केव्हा झाले, त्याचा कागद कुठे आहे, याची कसलीही खूण नसते. दोन्ही गोष्टी एकाच संसदेच्या आहेत, तरी त्या जोडण्याचे काम सांगलीतल्या निवृत्त माणसाला वही घेऊन करावे लागते.

दुसरी तक्रार भाषेची. सभागृहात खासदारांसाठी आता मराठीसह अनेक भाषांत तत्काळ भाषांतराची सोय झाली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु लेखी उत्तरे हिंदी आणि इंग्रजीतच मिळतात. हिंदी आवृत्ती सरकारी हिंदीत असल्याने ती समजायला इंग्रजीपेक्षा सोपी जातेच असे नाही. किमान 'विवरण' तक्त्यांचे मथळे तरी मराठीत मिळाले, तर माझ्या मेहुण्यांसारख्या माणसाला दाजींची गरज पडणार नाही. तिसरी गोष्ट शोधण्याची. मंत्रालय, सदस्य, अधिवेशन अशा चाळण्या लावता येतात, पण प्रश्नाच्या शीर्षकात नेमका कोणता शब्द असेल हे ओळखावे लागते. तीच योजना एकदा पूर्ण नावाने, एकदा आद्याक्षरांनी आणि एकदा 'हर घर जल' अशी नोंदलेली असते, त्यामुळे मी प्रत्येक विषय तीन-चार प्रकारे लिहून शोधतो. विधिमंडळाच्या याद्यांत ही अडचण आणखी वाढते, कारण एका दिवसाची अख्खी यादी एकाच फाईलमध्ये असते आणि आपले गाव शोधायला ती सगळी खाली सरकवत जावी लागते.

जुन्या कामकाजाचे ग्रंथालय मात्र अतिशय समृद्ध आहे. देवराष्ट्रे इथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९७० ते १९७४ या काळात देशाचे अर्थमंत्री होते आणि तेव्हा ते साताऱ्याचेच खासदार होते. त्या वर्षांतली कामकाजाची स्कॅन केलेली पाने मी पावसाळ्यात एकेक करून वाचली. युद्ध, निर्वासित, दुष्काळ आणि महागाई यांनी घेरलेल्या काळात खर्चाविषयी प्रश्न विचारले जात होते आणि आपल्या भागातला माणूस त्यांना उत्तरे देत होता, हे वाचताना ऊर भरून येतो. पाने काही ठिकाणी पुसट आहेत, तरी ती आहेत. प्रश्नाची ताकद ज्याला पाहायची असेल त्याने १९५७ चे मुंदडा प्रकरण शोधून वाचावे. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांच्या समभागांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते. लोकसभेत त्यावर प्रश्न आला, फिरोज गांधी यांनी तो विषय सोडला नाही, न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग बसला आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. प्रश्न सत्ताधारी बाकावरच्याच सदस्यांनी लावून धरला होता, हे विशेष. उलट २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून अकरा खासदारांचे सदस्यत्व गेले; ज्या कागदाला किंमत असते त्याचाच कोणी बाजार मांडू शकतो, हेही त्यातून दिसते.

पाचपैकी किती, असे कोणी विचारले तर तत्परतेसाठी आणि विनामूल्य उपलब्धतेसाठी मी संसदेच्या सेवेला चार देईन. भाषा, शोध आणि आश्वासनांचा पाठपुरावा यांसाठी दोनहून अधिक देता येणार नाहीत. विधिमंडळाच्या सेवेला मराठीसाठी पुरे पाच आणि मांडणीसाठी अडीच. वापरावी का, असे विचारले तर आजपासून वापरावी. सरपंच, पाणीवाटप संस्थेचे सचिव, पतसंस्थेचे संचालक, महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, यांनी तर नक्कीच.

मेहुण्यांनी त्या दिवशी संगणकासमोरून उठताना विचारले होते, "मग आपला प्रश्न कोण विचारणार?" प्रश्न खासदारांनीच विचारायचा असतो, पण तो सुचवायला नागरिकाला कोणाची आडकाठी नाही. आम्ही दोघांनी बसून मसुदा केला आणि तो खासदारांच्या कार्यालयात नेऊन दिला. कार्यालयाने तो घेतला, सूचना वेळेत गेली, परंतु सूचनांची सोडत निघते आणि त्या सोडतीत आमचा प्रश्न आला नाही. यात कोणाचा दोष नाही. पुढच्या अधिवेशनाआधी पंधरा दिवसांची मुदत सांभाळून तो पुन्हा द्यायचा आहे, म्हणून या वेळी तो आटोपशीर केला आहे. जत तालुक्यात 'कार्यात्मक' म्हणून नोंदलेल्या नळजोडण्या किती. त्यांपैकी किती जोडण्यांना तपासणीच्या दिवशी माणशी ५५ लिटर पाणी मिळत होते आणि ती तपासणी कोणत्या तारखेला झाली. केंद्राच्या निम्म्या वाट्यापैकी किती रक्कम वितरित झाली आणि किती अखर्चित आहे. मेहुण्यांनी तो कागद दोनदा वाचला, 'तारखेला' या शब्दाखाली पेनाने रेघ ओढली आणि घडी घालून खिशात ठेवला.